चाव्या बसल्या, पण सेट हलेना: जुन्या स्पोर्ट्स कारमधल्या अडलेल्या स्टिरिओचं प्रकरण

गाडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी कूपे. डॅशबोर्डच्या मधोमध कारखान्यातूनच बसवून आलेला कॅसेट-रेडिओ. उजव्या पुढच्या स्पीकरचा आवाज गेला होता आणि कॅसेट आत जाऊन नुसती घरघरत होती, म्हणून सेट बाहेर काढून बघायचा होता. सेटच्या तोंडावर डाव्या कडेला दोन आणि उजव्या कडेला दोन अशी चार बारीक भोकं. म्हणजे यू आकाराच्या तारेच्या दोन चाव्या घालून ओढायचा प्रकार. एरवी हे काम पाच मिनिटांत होतं. इथे अडीच तास लागले, कारण सेट दोन वेगळ्या ठिकाणी अडकला होता आणि पहिला अडथळा दूर होईपर्यंत दुसऱ्याचा पत्ताही लागण्यासारखा नव्हता.

अशा गाडीत सेटपेक्षा त्याच्या भोवतीचं प्लास्टिक मोलाचं. तीस वर्षं काचेतून येणारं ऊन खाल्लेला डॅशबोर्ड बिस्किटासारखा तुटतो. रेडिओच्या खाचेखाली जेमतेम आठ-दहा मिमी रुंदीची पट्टी असते आणि चुकीच्या जागी जोर पडला की पहिला तडा तिथेच जातो. सेट दुसरा मिळेल, पण तो पॅनेल त्याच रंगात आणि त्याच पोताचा मिळणं फार कठीण. म्हणून पुढचं सगळं काम एकाच गोष्टीभोवती फिरतं: सेट नेमका कुठे धरला गेलाय ते आधी कळलं पाहिजे, ओढायचं त्यानंतर.

सेट धरून ठेवतं कोण?

एका खणाच्या रेडिओसाठी डॅशबोर्डमधली खाच १८२ × ५३ मिमीची असते. जर्मनीचं डीआयएन ७५४९० आणि त्यावरून आलेलं आयएसओ ७७३६ या मानकांनी हे माप ठरवून दिलं, म्हणून अशा सेटना सगळीकडे ‘सिंगल डिन’ म्हणतात. या खाचेत पातळ पत्र्याची एक उघडी पेटी बसवलेली असते. तिला केज म्हणतात. केजच्या वर-खाली छोट्या जिभा कापलेल्या असतात आणि त्या मागून वाकवल्या की केज डॅशबोर्डला पकडून बसते. सेट या केजमध्ये सरकतो. सेटच्या दोन्ही अंगांना एकेक स्प्रिंगपट्टी, तिच्यावर बाहेर आलेला दात, आणि हा दात केजच्या भिंतीतल्या चौकोनी खिडकीत खट्कन बसतो.

चावीची दांडी साधारण ३ मिमी जाडीची असते आणि टोकाजवळ तिला एक खाच असते. दांडी सेटचं अंग आणि स्प्रिंगपट्टी यांच्यामधल्या फटीत शिरते आणि खाच पट्टीत अडकते. मग चावीचा कडीकडचा भाग बाहेरच्या दिशेला, म्हणजे डावी चावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे, ढकलायचा. तोंडावरचं भोक टेकूचं काम करतं. बाहेरचं टोक बाहेर गेलं की आतलं टोक आत येतं, स्प्रिंगपट्टीला सेटकडे ओढतं आणि दात खिडकीतून सुटतो. पुष्कळ जण चाव्या नुसत्या सरळ ओढतात आणि ‘निघत नाही’ म्हणतात. सरळ ओढल्याने दात खिडकीच्या कडेवर अधिकच घट्ट बसतो.

खाच अडकल्यावर चावी परत बाहेर येत नाही, हेही आधीच माहीत असावं. सेट निघाल्यावर बाजूने स्प्रिंगपट्टी दाबूनच ती सोडवता येते. मध्येच चावी पिळून काढायला गेलं तर पट्टी वाकते, नाहीतर तुटते.

प्रत्येक जुन्या गाडीत हाच प्रकार असेल असं मात्र नाही. बेकर कंपनीच्या बऱ्याच सेटना चपट्या पात्यांच्या चाव्या लागतात आणि त्यांच्या तोंडावर गोल भोकांऐवजी उभ्या चिरा दिसतात. बऱ्याच जपानी गाड्यांत चावीचा संबंधच नसतो. सेट बाजूच्या ब्रॅकेटना स्क्रूने जखडलेला असतो आणि आधी भोवतीचं पॅनेल उतरवावं लागतं. तोंडावर काय आहे ते पाहूनच हत्यार निवडावं.

तयारी

सेट कोडचा, म्हणजे वीज तुटल्यावर गुप्त आकडे घातल्याशिवाय सुरू न होणारा, असेल तर बॅटरी काढण्याआधी कोड हाताशी हवा. तो गाडीच्या कागदांसोबतच्या कार्डावर असतो. कार्ड हरवलं असेल तर सेटच्या पत्र्यावरच्या अनुक्रमांकावरून कोड काढता येतो, पण तो अनुक्रमांक सेट बाहेर आल्यावरच दिसतो. अंदाजाने आकडे घालत बसू नये. चुकीच्या प्रयत्नांनंतर असे सेट काही वेळ बंद पडतात आणि प्रत्येक चुकीगणिक ती वेळ वाढत जाते.

कॅसेट आत असेल तर वीज असतानाच बाहेर काढावी. मग इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार १० मिमीच्या पान्याने सोडवलेली. गाडीत एअरबॅग असेल तर निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबूनच डॅशबोर्डमध्ये हात घालावा.

या कामाला लागलेलं सामान असं: खाच असलेल्या पोलादी चाव्यांची जोडी, ०.५ मिमी जाडीच्या आणि १२ मिमी रुंदीच्या दोन पोलादी पट्ट्या, मास्किंग टेप, प्लास्टिकची पॅनेल-उचकटणी, छोटा आरसा आणि टॉर्च, ८ मिमीचं सॉकेट, १५० मिमीचं एक्स्टेन्शन, रॅचेट, टोकाला चुंबक असलेली लवचीक दांडी, मल्टिमीटर, काळा मार्कर. कपडे टांगायच्या हँगरच्या तारेच्या चाव्या या कामाला घेऊ नयेत. ती तार मऊ असते, तिला खाच नसते, आणि बाहेर ढकलताना ती स्वतःच वाकते. मूळ चाव्या नसल्याच तर ३ मिमीच्या पोलादी सळईला कानशीने खाच पाडून करता येतात, पण खाचेचं अंतर त्याच जातीच्या चावीवरून मोजून घ्यावं.

सेटभोवतीच्या पॅनेलवर मास्किंग टेपचे दोन थर दिले. मग हेअर ड्रायर वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरून दोन-तीन मिनिटं प्लास्टिक कोमट केलं. हाताला ऊबदार लागेल इतकंच. गार प्लास्टिक तडकतं आणि फार तापलेलं वाकडं होतं.

पहिला प्रयत्न

डावी चावी घातली, स्पष्ट ‘टक्’ आला. उजवी घातली, गेली, पण आवाज काहीच आला नाही. दोन्ही बाहेरच्या अंगाला ढकलून सारख्या जोराने ओढल्यावर डावी बाजू ५ मिमी बाहेर आली. उजवी केसभरही हलली नाही आणि सेट खाचेत तिरका झाला.

इथेच थांबायचं असतं. डावी बाजू आली आहे, आता हिसका दिला की उजवीही येईल, असं हाताला वाटतं. पण या स्थितीत उजवा दात खिडकीच्या कडेवर पूर्ण भाराने टेकलेला असतो. जितकं ओढाल तितका तो आत यायला नकार देतो आणि सगळा जोर शेवटी त्या आठ-दहा मिमीच्या पट्टीवर जातो.

म्हणून सेट तळहाताने सपाट दाबून मूळ जागी बसवला, अगदी थांबेपर्यंत. सेटला मागे अर्धा-एक मिलिमीटर वाव असतो. तेवढा तो मागे गेला की दात कडेवरून उतरतो आणि स्प्रिंग मोकळी होते. खूप ‘अडलेले’ सेट एवढ्यानेच सुटतात. आधी कुणीतरी ओढून ताणून सोडलेले असतात, दुसरं काही कारण नसतं. चावी घालण्याआधी सेट आत दाबायचा, ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

या गाडीत मात्र दाबून पाहिल्यावरही उजवीचा ‘टक्’ आला नाही.

मार्करची शाई

दोन्ही चाव्यांचा बाहेर राहिलेला भाग मोजला. डावी २२ मिमी बाहेर, उजवी २६. म्हणजे उजवी ४ मिमी कमी आत गेली होती. खाच पट्टीपर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून ती सहज परत निघाली. तिच्या दोन्ही दांड्यांची टोकं काळ्या मार्करने रंगवली, शाई वाळू दिली आणि चावी पुन्हा घालून काढली. वरच्या दांडीवर शाई जशीच्या तशी. खालच्या दांडीवर मात्र टोकापासून खाचेपर्यंत, बाहेरच्या अंगाला, एक चकचकीत रेघ उमटली होती आणि ती जिथे थांबली तिथे शाईचा छोटा गोळा जमला होता. दांडीला बाहेरून, म्हणजे केजच्या भिंतीकडून, काहीतरी दाबत होतं.

सेटभोवतीची पातळ प्लास्टिकची चौकट उचकटणीने सोडवली आणि टॉर्च तिरपी धरली. उजव्या भिंतीत, खालच्या बाजूला, केजचा पत्रा आत चेपलेला होता. पोचा करंगळीच्या नखाएवढा, पण तेवढा पुरेसा होता. स्प्रिंगपट्टी सेटच्या अंगाला चिकटली होती आणि दांडीला शिरायची फट उरली नव्हती. केज बसवताना जीभ वाकवायला स्क्रूड्रायव्हर आडवा घातला की असाच पोचा येतो. या केजच्या त्या कोपऱ्यातल्या जिभेवर हत्याराचे ओरखडेही होते.

असा पोचा ठोकून काढता येत नाही, कारण बाहेरून तिथे हात पोचत नाही. आतूनच ढकलावा लागतो. पहिली ०.५ मिमीची पट्टी सेट आणि केजच्या भिंतीमधून, पोच्याच्या जागी, ४० मिमी आत सरकवली. ती बसल्यावर दुसरी पट्टी पहिलीवर टेकवून तशीच आत. एक मिलिमीटरच्या या पाचरेने पातळ पत्रा बाहेर फुगला आणि पट्ट्या काढल्यावरही बराचसा तसाच राहिला. पट्ट्यांच्या कडा कानशीने आधी गोल केलेल्या हव्यात, नाहीतर त्याच स्प्रिंगपट्टीत अडकतात. इथे तेल किंवा गंजनाशक फवारण्याचा मोह होतो. तो टाळावा. सेटच्या अंगावरची भोकं थेट कॅसेटच्या यंत्रणेवर उघडतात आणि तेल एकदा हेडवर आणि रबरी चाकावर गेलं की साफ करणं हे आणखी एक काम होऊन बसतं.

सेट पुन्हा आत दाबून उजवी चावी घातली. ‘टक्’. बाहेर राहिलेला भाग २२ मिमी, डावीइतकाच.

चौदा मिलिमीटर

आता दोन्ही बाजू एकत्र हलल्या, सेट सरळ येऊ लागला आणि १४ मिमीवर थांबला. थांबला तोही एका विशिष्ट तऱ्हेने: शेवटचे काही मिलिमीटर वाढता ताण, मग एकदम टणक. हा फरक बोटांना ओळखता आला पाहिजे, कारण हात कुठे घालायचा ते त्यावरून ठरतं. सेट मुळीच हलत नसेल तर दात सुटलेले नाहीत. एकच बाजू येत असेल तर दुसऱ्या बाजूची स्प्रिंग. थोडं येऊन रबरासारखं मागे खेचलं जात असेल तर तारांचा जुडगा किंवा अँटेनाची केबल कुठेतरी गुंतलेली. आणि थोडं येऊन धातूवर धातू टेकल्यासारखं टणक थांबत असेल तर सेटच्या पाठीला काहीतरी बोल्ट केलेलं आहे.

इथे शेवटचा प्रकार होता. सेट पुन्हा आत ढकलला, म्हणजे जे काही मागे होतं ते सैल पडलं. ग्लोव्हबॉक्स उतरवला आणि त्या पोकळीतून आरसा आत घातला. सेटच्या पाठीमागच्या एम५ आट्याच्या खुंटीवर ८ मिमीचा नट, नटाखाली भोकांची पत्र्याची पट्टी, आणि पट्टीचं दुसरं टोक डॅशबोर्डच्या आतल्या लोखंडी आडव्या पट्टीला. कॅसेटची यंत्रणा असलेला सेट जड असतो. नुसता तोंडाशी धरला तर खडबडीत रस्त्यावर त्याची पाठ हादरत राहते, म्हणून मागे आधार देतात. पुष्कळ गाड्यांत या खुंटीवर फक्त एक रबरी टोपी असते आणि ती ब्रॅकेटच्या भोकात शिरते. तिथे नट नसतो आणि सेट सरळ ओढून निघतो. या गाडीत पट्टी होती आणि तिला मधे वाक होता. तो वाक सरळ होईपर्यंतचे १४ मिलिमीटर सेटला मिळत होते.

नट गंजलेला होता. इथे मात्र गंजनाशक लागतं, पण फवारा मारायचा नाही. कापसाच्या बोळ्यावर घेऊन बोळा नटाला टेकवला आणि पंधरा मिनिटं थांबलो. १५० मिमीच्या एक्स्टेन्शनवर ८ मिमीचं सॉकेट, सॉकेटच्या आत मास्किंग टेपचा छोटा तुकडा, म्हणजे सुटलेला नट सॉकेटमध्येच घट्ट राहतो. डॅशबोर्डच्या मागे पडलेला नट हीटरच्या डक्टमध्ये किंवा गिअरच्या दांड्यांवर जाऊन बसतो आणि तो शोधायला सेट काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो. पट्टीखालचा वायसर चुंबकाच्या दांडीने उचलला.

त्यानंतर सेट आला. एक जण समोरून दोन्ही चाव्या बाहेरच्या अंगाला धरून ओढत होता, दुसऱ्याने ग्लोव्हबॉक्सच्या पोकळीतून सेटच्या पाठीच्या कोपऱ्यांवर ढकललं. कोपऱ्यांवरच ढकलायचं. मधोमध उष्णता घालवणाऱ्या पंख्या आणि कनेक्टर असतात. साठ-सत्तर मिमी आल्यावर पुन्हा थांबून मागे पाहिलं. तारांच्या जुडग्याला कुणीतरी प्लास्टिकच्या टायने आधारपट्टीला बांधून ठेवलं होतं. टाय कापला. न पाहता ओढलं असतं तर कनेक्टर मोडला असता.

सेट बाहेर आल्यावर

प्रत्येक कनेक्टरचा फोटो, मगच सोडवणं. अँटेनाचा प्लग धातूच्या भागाला धरून हलकेच फिरवत सरळ ओढायचा, केबल धरून नाही. चौकोनी कनेक्टरची कडी दाबून काढायचा. आयएसओ १०४८७ पद्धतीच्या कनेक्टरमध्ये ‘ए’ गटात वीज असते: ४ नंबरवर कायमची १२ व्होल्ट, ७ वर इग्निशनची, ८ वर अर्थ, ५ वर अँटेना किंवा अँप्लिफायरची, ६ वर दिव्यांची. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत ४ आणि ७ ची अदलाबदल असते, म्हणून तारांच्या रंगावर भिस्त न ठेवता मल्टिमीटरने पाहावं. बॅटरी जोडण्याआधी उघड्या तारांना टेप लावलेला हवा.

स्पीकर ‘बी’ गटात असतात. तिथे उजव्या पुढच्या स्पीकरच्या ३ नंबरच्या खाचेतली पिन अर्धी मागे सरकली होती. टायने ताणलेल्या जुडग्याने ती खेचली होती. आवाज जाण्याचं कारण एवढंच. पिन पुढे दाबून तिची बारीक कडी उभी केली. ३ आणि ४ मध्ये ३.५ ओहम दाखवले, म्हणजे ४ ओहमचा स्पीकर शाबूत. नवा सेट बसवणार असाल तर आणखी एक तपासणी टाळू नये: स्पीकरची निगेटिव्ह तार आणि गाडीचा पत्रा यांच्यात ओहम मोजावेत. शून्याच्या जवळ आले तर स्पीकरची परतीची वाट थेट बॉडीतून आहे, जी जुन्या गाड्यांत सापडते. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा अँप्लिफायरकडे जातात. त्यातली एक बॉडीला टेकली की आउटपुटची चिप जाते.

कॅसेटच्या घरघरीचं कारण आतला रबरी पट्टा होता. अशा वयाचे पट्टे डांबरासारखे चिकट होऊन कप्प्यांना लागून बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने कप्पी साफ करून त्याच मापाचा नवा पट्टा घालावा.

चाव्या सोडवताना स्प्रिंगपट्टी बारीक पात्याने सेटकडे दाबली, की चावी हाताने निघाली. दोन्ही दात हातात घेऊन पाहिले. उजव्या दाताची मागची कड ओढाओढीने गोल झाली होती, पण पट्टीला चीर नव्हती. चीर असती तर तो सेट पुन्हा बसवण्याजोगा राहिला नसता. ती कोणत्याही गोंदाने टिकत नाही.

परत बसवताना

केजच्या जिभा बारीक पकडीने सरळ केल्या आणि केज बाहेर काढली. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे हवेतच. पोचा आता पोलादी ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीने पूर्ण सपाट करता आला आणि खिडकीची उचललेली कड कानशीने घासली. केज परत घालताना सगळ्या जिभा वाकवायची गरज नाही. डॅशबोर्डच्या प्लास्टिकला खरोखर टेकणाऱ्या, वर दोन आणि खाली दोन, एवढ्या पुरतात. जास्त वाकवल्या की खाच चौकोनी न राहता फुगते आणि सेट पुन्हा दोन्ही अंगांनी घासतो. रिकाम्या केजमध्ये सेट तारांशिवाय एकदा सरकवून पाहिला. दोन्ही दात एकाच वेळी बसले आणि चाव्यांनी एका ओढीत निघाला.

तारांचा जुडगा आता आधारपट्टीला न बांधता बाजूच्या कडेला सैल ठेवला, सेट पूर्ण बाहेर काढून कनेक्टर हाताळता येईल इतका, साधारण वीत-दीड वीत. आधारपट्टी पुन्हा लावली, पण नट नवा घेतला, आट्यांना थोडं ग्रीस लावलं आणि बोटांनी घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेराच दिला. ग्लोव्हबॉक्सच्या आतल्या बाजूला, सहज दिसेल अशा जागी, एक कागद चिकटवला: ‘सेट ओढण्याआधी मागचा ८ मिमीचा नट काढा.’ त्याच कागदाखाली चाव्यांची जोडी टेपने लावून ठेवली आहे.